खड्डा रस्त्यात, मार चाकाला, खर्च घराला

आसेगाव, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशिम इथल्या महिला बचत गटांच्या वतीनं आम्ही तुमच्याशी बोलतोय. शेळीपालन, पापड-लोणची, सोयाबीनचं बियाणं यांवर आपण बऱ्याचदा बोलतो. आज मात्र विषय जरा वेगळा आहे. गाडीचं चाक, त्यातही चकचकीत अलॉय रिंग. ती खड्ड्यात कशी वाकते, वाकली हे कसं ओळखायचं आणि मग काय करायचं, हे आज पाहू.

तुम्ही म्हणाल, हा तर गॅरेजवाल्याचा विषय, बायांना कशाला? पण गेल्या दोन पावसाळ्यांत आमच्या गटांच्या बैठकीत अंतर्गत कर्जासाठी जे अर्ज आले, त्यांत शाळेची फी आणि दवाखाना यांच्या जोडीला एक नवं कारण दिसू लागलं, ‘गाडीची रिंग बदलायची’. कोणाच्या घरी जुनी घेतलेली चारचाकी आहे, कोणाचा मुलगा मोटरसायकलवर मंगरूळपीरला कॉलेजला जातो, कोणाचे मालक रोज दूध घेऊन जातात. गाडी चालवणारे बहुतेक पुरुष असले, तरी दुरुस्तीचा पैसा घरातून जातो आणि घरातला पैसा म्हणजे बऱ्याचदा गटातला पैसा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच गाडीवर मागे आपण बसतो, लेकराला मांडीवर घेऊन. चाक दगा देतं तेव्हा आधी मागची पडते. म्हणून हा विषय आपला आहे.

चाक म्हणजे नुसता टायर नव्हे

आपण चाक म्हणतो त्यात दोन वस्तू असतात. बाहेरचा काळा रबरी टायर आणि आतला धातूचा गोल सांगाडा. या सांगाड्याला कोणी रिंग म्हणतं, कोणी डिस्क, कोणी रिम. जुन्या मोटरसायकलला तारांचं चाक असायचं. आता बऱ्याच मोटरसायकलींना पाच-सहा जाड दांड्यांचं एकसंध चाक येतं, त्याला गॅरेजमध्ये मॅगव्हील म्हणतात. चारचाकीत साध्या गाडीला पत्र्याची डिस्क असते, वर प्लास्टिकचं झाकण. वरच्या मॉडेलला अलॉय असतं.

अलॉय म्हणजे मिश्रधातू. गाडीच्या अलॉय रिंगेत मुख्यतः ॲल्युमिनियम असतं आणि त्यात थोडं सिलिकॉन व थोडं मॅग्नेशियम मिसळलेलं असतं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं. आपलं जर्मनचं पातेलं आणि त्याच मापाची लोखंडी कढई उचलून पाहा, फरक हाताला कळतो. मात्र ताकद यावी म्हणून अलॉय रिंग पत्र्यापेक्षा जाड करावी लागते, त्यामुळे प्रत्यक्ष वजनातला फरक तेवढा मोठा राहत नाही. तिचे खरे फायदे म्हणजे ती गंजून सडत नाही, ब्रेकची उष्णता लवकर बाहेर टाकते आणि दिसायला छान दिसते. बहुतेक जण या शेवटच्या फायद्यासाठीच ती घेतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

बिडाचा तवा आणि पत्र्याचा तवा

आता मुख्य मुद्दा. स्वयंपाकघरात दोन तवे ठेवा, एक पत्र्याचा आणि एक बिडाचा. दोन्ही हातातून फरशीवर पडले तर काय होईल? पत्र्याच्या तव्याला पोचा येईल, तो डगमगेल, पण हातोडीनं ठोकून पुन्हा बसवता येईल. बिडाचा तवा मात्र तडकेल, नाहीतर त्याचा तुकडाच उडेल. तो जड आहे, दणकट दिसतो, पण वाकण्याचा गुण त्यात नाही. कारण तो ओतून केलेला असतो.

गाडीच्या बहुतेक अलॉय रिंगाही साच्यात ओतूनच करतात. त्या बिडाइतक्या ठिसूळ नसतात. ओतल्यावर त्यांना ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून ताकद आणतात. त्यामुळे त्या थोड्या वाकतातही. पण पत्र्याच्या डिस्कइतकं वाकणं त्यांच्या अंगात नाही. पत्र्याची डिस्क मार खाते आणि दबते. अलॉय एका मर्यादेपर्यंत टिच्चून उभं राहतं, मग वाकतं आणि त्याच्या पुढे तडकतं. तडा कधी केसासारखा बारीक असतो, डोळ्याला दिसतही नाही. खरा धोका तिथंच आहे.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी गेल्या श्रावणात असंच झालं. चारचाकीच्या पुढच्या डाव्या चाकातली हवा दर चार दिवसांनी कमी व्हायची. पंक्चरवाल्याला तीनदा दाखवलं, तीनदा पैसे दिले, टायरमध्ये खिळा सापडला नाही. चौथ्या वेळी दुसऱ्या मिस्त्रीनं चाक खोलून पालथं घातलं, तर रिंगेची आतली कड बोटभर वाकलेली आणि तिथून हवा झिरपत होती. बाहेरून रिंग नव्यासारखी चमकत होती.

हे असं का होतं, ते समजून घ्या. अलॉयच्या दांड्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला असतात, म्हणून बाहेरच्या कडेला आधार मिळतो. आतल्या बाजूला नुसती गोल भिंत असते, आधार नसतो. खड्ड्याचा मार बसला की आतली कड आधी वाकते आणि ती गाडीखाली असल्यानं आपल्याला दिसत नाही. आजकालच्या बहुतेक टायरमध्ये ट्यूब नसते. टायरचा काठ रिंगेला घट्ट चिकटून बसतो आणि त्यानंच हवा आत राहते. डब्याचं झाकण वाकडं झालं की डबा हवाबंद राहत नाही, अगदी तसंच.

खड्ड्यात नेमकं काय होतं

चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा फारसं बिघडत नाही. बिघडतं ते बाहेर पडताना, समोरच्या कडेवर आपटून. त्या क्षणी टायर दाबला जातो. आत हवा पुरेशी असेल तर ती उशीचं काम करते. हवा कमी असेल किंवा मार फार मोठा असेल, तर टायर पूर्ण चेपतो आणि रिंगेची कड व खड्ड्याची धार यांच्यात रबर अडकित्त्यातल्या सुपारीसारखं सापडतं. मग टायरच्या आतले धागे तुटतात, रिंगही वाकते. मार किती बसणार हे चार गोष्टींवर ठरतं.

पहिली गोष्ट वेग. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी ३० च्या वेगानं जो खड्डा नुसता हादरा देतो, तोच ६० ला रिंग वाकवू शकतो. ‘जोरात काढली की गाडी खड्ड्यावरून उडून जाते’ असं पोरं सांगतात. एखाद्या अरुंद फटीवर ते खपून जाईलही. पण हातभर रुंद खड्ड्यात चाक उतरतंच आणि मग पलीकडची कड दुप्पट जोरानं लागते.

दुसरी गोष्ट हवा. किती हवा भरायची हे कंपनी ठरवून देते आणि चारचाकीत ते सहसा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या कागदावर छापलेलं असतं. हवा टायर थंड असताना तपासायची, लांबून आल्याबरोबर नाही. कमी हवा वाईट, तशी गच्च हवाही वाईट. गच्च टायर दबतच नाही, सगळा मार रिंगेला आणि गाडीच्या सांध्यांना जातो.

तिसरी गोष्ट वजन. पाच जणांच्या गाडीत नऊ जण आणि डिक्कीत दोन पोती घालून आपण लग्नाला निघतो, तेव्हा प्रत्येक चाकावरचा भार वाढलेला असतो आणि स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात. खड्ड्यासाठी त्यांच्यात जागाच उरत नाही.

चौथी गोष्ट टायरची जाडी. टायरवर १८५/६५ आर १५ असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, १८५ मिलिमीटर. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या शंभर भागांपैकी किती भाग टायरची उंची, इथं ६५. हिशोब केला तर साधारण १२० मिलिमीटर, म्हणजे रिंगेच्या खाली १२ सेंटिमीटर रबराची उशी. शेवटचे १५ म्हणजे रिंगेचं माप इंचांत. आता पोराला हौस आली आणि त्यानं मोठी रिंग बसवून २१५/४५ आर १७ चा टायर टाकला, तर उशी उरते साधारण ९७ मिलिमीटर. सव्वादोन सेंटिमीटर उशी कमी झाली. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर ते चालेलही. आपल्या रस्त्यावर ती हौस महागात पडते. गाडीला कंपनीनं दिलेलं माप सोडू नका, हा साधा नियम घरात सांगून ठेवा.

आपल्याकडेच एवढे खड्डे का

वऱ्हाडातली माती काळी. कपाशीला, सोयाबीनला, तुरीला चांगली. पण रस्त्याला ती वैरीण आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतातल्या भेगेत आख्खा हात जातो, हे आपण दरसाल पाहतो. रस्ता त्याच मातीवर उभा असतो. खाली मुरूम-गिट्टीचा थर नीट नसेल तर माती फुगली की रस्ता वर येतो, आकसली की खचतो आणि वरच्या डांबराला भेगा पडतात.

मग पाऊस येतो. भेगेतून पाणी आत जातं, गिट्टी सैल होते. त्यावरून सोयाबीनचा भरलेला ट्रक जातो, चाकाच्या दाबानं पाणी उसळतं आणि सोबत बारीक माती घेऊन बाहेर येतं. आत पोकळी होते, वरचं डांबर खाली बसतं. हा झाला खड्डा. म्हणून खड्ड्याचं मूळ डांबरात कमी आणि पाण्यात जास्त असतं. रस्त्याच्या कडेची नाली बुजलेली असेल, शेताचा धुरा रस्त्यावर सरकलेला असेल, सांडपाणी रस्त्यावर येत असेल, तर कितीही डांबर ओतलं तरी पुढच्या आषाढात खड्डा तिथंच. नाली उघडी ठेवणं हे मात्र गावाच्या हातातलं काम आहे.

गावचा मार, महामार्गावरचा धोका

आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. शेलूबाजारजवळ त्याच्यावर चढता येतं. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. तिथं चारचाकीला ताशी १२० पर्यंत वेगाची मुभा आहे.

याच महामार्गावर आपल्या जिल्ह्यात मालेगाव ते वनोजा टोलनाका या भागात २९ डिसेंबर २०२४ च्या रात्री एक लोखंडी फलक रस्त्यावर पडला आणि त्यावरून जाऊन पन्नासहून जास्त गाड्यांचे टायर फुटले. लोक रात्रभर थंडीत अडकले. तिथं खड्डा नव्हता. पण वेगात चाकाला काही लागलं की काय होतं, हे त्या रात्री कळलं.

आमचं सांगणं असं की, गावच्या रस्त्यावर ताशी ४० ला बसलेला मार त्या वेळी कळत नाही. रिंग जराशी वाकते, बारीक तडा जातो, टायरला आतून इजा होते. गाडी गावात ठीक चालते. पण तीच गाडी दवाखान्यासाठी नागपूरला किंवा संभाजीनगरला न्यायची म्हणून महामार्गावर चढते, १०० च्या वेगानं तासभर धावते, टायर तापतो आणि जुनी इजा तिथं तोंड वर काढते. म्हणून लांबच्या प्रवासाआधी चारही चाकं आणि स्टेपनी पाहणं ही सवय घरात लागलीच पाहिजे.

चाक वाकलं हे ओळखायचं कसं

यासाठी मिस्त्री असायला लागत नाही. आपण स्वतः पाहू शकतो.

एक. ठरावीक वेगाला स्टिअरिंग किंवा हँडल थरथरतं. कमी वेगाला थरथर नाही, एका वेगाला सुरू होते. मागच्या चाकात दोष असेल तर थरथर बैठकीतून जाणवते. मागे बसणाऱ्या बाईला ती चालवणाऱ्याच्या आधी कळते. कळली की बोला.

दोन. एकाच चाकातली हवा पुन्हा पुन्हा कमी होते आणि पंक्चर सापडत नाही. साबणाचं पाणी करा आणि टायर जिथं रिंगेला चिकटतो तिथं गोलाकार ओता. बुडबुडे आले तर हवा काठातून जातेय. व्हॉल्व्हवरही एक थेंब टाका, कधी दोष तिथला असतो.

तीन. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. याचा अर्थ आतले धागे तुटलेत आणि हवा नुसत्या रबरानं अडवली आहे. हा टायर दुरुस्त होत नाही. कधी फुटेल याचा भरवसा नाही, तो बदलायचाच.

चार. गाडी सरळ सोडली तरी एका बाजूला ओढते किंवा टायर एकाच कडेला झिजतो. यात रिंगेपेक्षा चाकांची दिशा बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. अलाइनमेंट तपासून घ्या.

मोटरसायकलसाठी एक सोपी परीक्षा आहे. गाडी बंद करून डबल स्टँडवर लावा, न्यूट्रल करा. मागचं चाक हातानं हळू फिरवा आणि मागच्या दांडीला टेकवून एक काडी रिंगेच्या कडेजवळ धरा, लागू देऊ नका. चाक फिरताना काडी आणि रिंग यांतली फट सारखीच राहिली तर रिंग सरळ आहे. फट कमी-जास्त होत असेल किंवा काडी एका जागी खरखरत असेल तर रिंग तिथं वाकली आहे. गॅरेजमध्ये याला ‘रिंग आउट आहे’ म्हणतात. पुढच्या चाकालाही तसंच करा, फक्त ते जमिनीवरून उचललेलं हवं. चाक फिरवताना बोटं, पदर आणि ओढणी साखळीपासून लांब ठेवा. लेकरांना हे करू देऊ नका.

चारचाकीचं चाक पंक्चरसाठी खोललं की पंक्चरवाल्याला सांगा, ‘दादा, जरा आतली बाजू दाखवा.’ ओल्या फडक्यानं चिखल पुसा आणि बोट फिरवा. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरवलं तर वाकडेपणा सगळ्यांना समोर दिसतो. त्या वेळी तिथं उभं राहून पाहायला लाजू नका, पैसा आपला आहे.

सरळ करायची की बदलायची

नुसते ओरखडे असतील, रंग उडाला असेल, तर तो दिसण्याचा प्रश्न. आत्ता खर्च करू नका.

कड थोडी वाकली आहे आणि तडा कुठंही नाही, तर यंत्रावर दाब देऊन रिंग सरळ करणारे कारागीर शहरात मिळतात. पण रस्त्याच्या कडेला गॅसच्या ज्योतीनं तापवून, घणानं ठोकून रिंग सरळ करू देऊ नका. लोखंड तापलं की लाल होतं, किती तापलं ते डोळ्याला कळतं. ॲल्युमिनियम लाल होत नाही. ते आपला रंग न बदलता वितळण्याच्या जवळ जातं. कारखान्यात ठरावीक तापमानाला आणलेली ताकद अशा अंदाजे तापवण्यानं निघून जाते. रिंग सरळ दिसते, पण आतून मऊ झालेली असते.

दांडीला तडा असेल, नटांच्या भोकांजवळ तडा असेल, किंवा तुकडा उडाला असेल, तर ती रिंग भंगारात घाला. वेल्डिंग करून रंग मारून दिलेली रिंग नव्यासारखी दिसते आणि जुन्या बाजारात स्वस्त मिळते. रंगाखालचा तडा तुम्हाला दिसणार नाही. जुनी गाडी विकत घेतानाही चारही रिंगांची आतली बाजू पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

नवी घ्यायची तर आयएसआय चिन्ह पाहा आणि पक्कं बिल घ्या. हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक आहे. पैशाची ओढ असेल तर गाडीला बसणारी त्याच मापाची पत्र्याची डिस्क मिळते का ते विचारा. ती अलॉयपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि खड्ड्याच्या रस्त्याला तीच जास्त साथ देते. मात्र अलॉयचे आणि पत्र्याच्या डिस्कचे नट काही गाड्यांत वेगळे असतात, तेवढं मिस्त्रीकडून तपासून घ्या. नट एकामागून एक गोलाकार न आवळता समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसतं.

विमा काय देतो

कायद्यानं सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. त्यात आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून मिळतं, आपल्या रिंगेचं नाही. आपल्या गाडीचं नुकसान भरून हवं तर संपूर्ण विमा लागतो, ज्याला एजंट फर्स्ट पार्टी म्हणतात. त्यातही नेहमीच्या अटींनुसार टायर एकटाच फाटला तर पैसे मिळत नाहीत. गाडीचं इतरही नुकसान त्याच वेळी झालं असेल तरच टायरचे मिळतात आणि तेही नव्याच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. काही कंपन्या टायर आणि रिंगेसाठी जादा हप्ता घेऊन वेगळं संरक्षण देतात.

बाहेरून बसवलेल्या अलॉय रिंगा विमा घेताना लिहून दिलेल्या नसतील तर त्यांचे पैसे मागता येत नाहीत. आणखी एक हिशोब. वर्षभर विमा मागितला नाही तर पुढच्या वर्षी हप्त्यातल्या आपल्या गाडीच्या भागावर सूट मिळते. पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत. एका छोट्या रिंगेसाठी विमा मागून ती सूट घालवायची का, हे कागदावर आकडे मांडून ठरवा.

मागे बसणारीचं काय

रिंग हजारांत येते, जीव येत नाही. केंद्र सरकारच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८५६ माणसं गेली.

मुंबईचे दादाराव बिल्होरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जुलै २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पावसाच्या पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात मोटरसायकल आदळून त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश गेला. त्यानंतर हे भाजीविक्रेते वडील हाती फावडं घेऊन मुंबईतले खड्डे बुजवू लागले. लोक त्यांना ‘पॉटहोल दादा’ म्हणतात. पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल आहे हे वरून कळत नाही, हा त्यातला आपल्यासाठीचा धडा.

आपण साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसतो. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लेकरू. अशा वेळी चाक आपटलं की धरायला हात मोकळा नसतो. मोटार वाहन नियमांनुसार मोटरसायकलला मागच्यासाठी धरायची दांडी, पाय ठेवायचा आधार आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारी जाळी असावीच लागते. कित्येक पोरं गाडी छान दिसावी म्हणून ही साडीची जाळी काढून टाकतात. ती आजच परत बसवून घ्या. जमेल तिथं दोन्हीकडे पाय टाकून बसा. एक हात दांडीसाठी मोकळा ठेवा. पदर खोचा. हेल्मेट मागच्यालाही कायद्यानं सक्तीचं आहे.

आणि चालवणाऱ्याला सांगा की ब्रेक खड्ड्याच्या आधी लावायचा, खड्ड्यात सोडायचा. ब्रेक दाबून खड्ड्यात गेलं की सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मार दुप्पट लागतो. खड्डा चुकवायला अचानक वळवू नये, मागून येणारा ट्रक आपल्याला चुकवू शकत नाही.

खड्ड्याची तक्रार कुठं करायची

आधी रस्ता कोणाचा ते ओळखा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, जसा अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा १६१ क्रमांकाचा. त्यासाठी १०३३ हा फोन. माथा हिरवा असेल तर राज्य महामार्ग, तो आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. केशरी माथा म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता. त्या योजनेत रस्ता झाल्यावर ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते आणि गावाजवळच्या फलकावर रस्त्याचं नाव, खर्च आणि तारखा लिहिलेल्या असतात. त्या फलकाचा फोटो काढून ठेवा. ‘मेरी सडक’ ॲपवर तक्रार करता येते.

तक्रार तोंडी नको, लेखी द्या. तारीख, ठिकाण, जवळची खूण, फोटो घाला आणि पोच घ्या. ‘रस्ता खराब आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘शाळेच्या वळणाजवळ तीन फूट रुंद खड्डा, इथं या महिन्यात दोन गाड्या पडल्या’ असं लिहिलं की टाळणं अवघड जातं. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. त्यात रस्त्याचा आणि बुजलेल्या नाल्यांचा ठराव लिहून घ्या. दशसूत्रीतल्या पंचायतीमधल्या सहभागाचा अर्थ हाच.

मुंबई उच्च न्यायालयानं चांगला, सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की, खड्ड्यामुळे किंवा उघड्या गटारामुळे कोणी दगावलं तर त्याच्या कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमीला इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी. ही भरपाई माणसासाठी आहे, रिंगेसाठी नाही. ती मागायची तर पोलिसांकडची नोंद, दवाखान्याचे कागद आणि खड्ड्याचा त्याच दिवशीचा फोटो हवा. दोन दिवसांनी खड्डा बुजवला गेला तर पुरावाही बुजतो. कागद करायला मदत हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथं कायद्याची मदत मोफत मिळते, उत्पन्नाची अट नाही.

गटाच्या बैठकीत

आता शेवटचं, आपल्या कर्जाचं. रिंगेसाठी अर्ज आला तर आमच्या गटांत आम्ही चार प्रश्न विचारतो. दोष जिवाला धोक्याचा आहे की दिसण्याचा? मिस्त्रीनं लेखी अंदाज दिला आहे का? पत्र्याची डिस्क चालेल का? गाडीतून घरात किती येतं आणि हप्ता त्यातून निघेल का? तडा गेलेली रिंग किंवा फुगा आलेला टायर असेल तर कर्ज लगेच देतो, बैठकीची वाट पाहत नाही. मोठ्या चकचकीत रिंगांची हौस असेल तर ताईंना प्रेमानं सांगतो, थोडं थांबा, आधी शाळेची फी.

या आठवड्यात एवढं करा. घरातल्या गाडीच्या चाकांची हवा मोजून घ्या, आतली बाजू पाहा, साडीची जाळी जागेवर आहे का बघा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा खड्डा कुठं आहे ते सांगायचं आणि सचिव ताईंनी तो वहीत लिहायचा. ती यादी घेऊन पाच जणी बांधकाम विभागात गेल्या, तर पाच जणींचा आवाज एकीपेक्षा मोठा होतो. बचतीचं आपण हेच तर शिकलो.

सांभाळून जा, सांभाळून या. आसेगावच्या सगळ्या मैत्रिणींकडून तुम्हाला नमस्कार.